सहज वाचलेल्या कांहीं कादंबऱ्या

परीक्षेला नेमलेली कादंबरी विद्यार्थी वाचतो, अभिप्रायार्थ आलेली कादंबरी टीकाकार वाचतो, आणि या दोघांच्याहि वाचनाला कांहीं तरी निमित्त असतें. विद्यार्थ्याला गुण हवे असतात; टीकाकाराला मत द्यावयाचें असतें. परंतु ज्याला गुण नकोत आणि ज्याचें मत कोणी विचारीत नाहीं, असा एक तिसराच मनुष्य वाचनालयाच्या कपाटापुढें उभा असतो. वाङ्मयाच्या इतिहासांत त्याचें नांव कोठेंहि येत नाहीं. परंतु पुस्तकाच्या आंतल्या बाजूस चिकटविलेल्या कागदावर परतीच्या तारखांचे जे जांभळे शिक्के असतात, ते बहुधा त्याच्यामुळेंच पडलेले असतात. कादंबरी वाचून या मनुष्याला काय वाटतें, हें पाहावयाचा आजचा विषय आहे.

सर्व सामान्य वाचकांविषयीं एकदम बोलूं गेल्यास हातीं कांहींच लागणार नाहीं. म्हणून येथें एकच वाचक घेतला आहे. जिल्ह्याच्या गांवीं राहणारा, टपालखात्यांत छत्तीस वर्षें नोकरी करून निवृत्त झालेला आणि साठी ओलांडलेला हा गृहस्थ तेथील वाचनालयाचा जुना वर्गणीदार आहे. गेल्या पावसाळ्यांत त्यानें लागोपाठ कांहीं मराठी कादंबऱ्या वाचल्या. त्यांची निवड म्हणून त्यानें केली नाहीं. ग्रंथपालानें जें हातांत ठेवलें, किंवा परत आलेल्या पुस्तकांच्या ढिगांत जें वर सांपडलें, तें छत्रीच्या आडोशानें घरीं नेलें. टिपणें काढण्याची त्याला संवय नाहीं. खुणेसाठीं तो विजेच्या बिलाचा तुकडा घालतो, आणि पुस्तक संपलें कीं तोच तुकडा पुढच्या पुस्तकांत जातो.

प्रथम हातीं आली ती हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ १८९० सालीं ‘करमणूक’ हें पत्र निघालें आणि त्यांतून ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध होऊं लागली. त्या वेळीं हरिभाऊंचें वय अवघें सव्वीस वर्षांचें होतें. शाळेंत असतांना या पुस्तकाचें नांव वाचकानें ऐकलें होतें आणि सुधारणेच्या काळांतील एक ग्रंथ म्हणून दुरूनच नमस्कार केला होता. चाली मोडल्या, कायदे झाले, मग आतां त्यांत वाचावयास काय उरलें असेल, असा त्याचा हिशेब. वास्तविक कायद्याचा हिशेब या कादंबरीला पहिल्यापासूनच लागू पडत नाहीं. विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा १८५६ सालीं, म्हणजे कादंबरीच्या चौतीस वर्षें आधींच, झालेला होता. तरी यमूच्या डोक्यावरील केस राहावयाचे कीं नाहीं हें ठरविणारे लोक घरांतच बसले होते.

वाचकाला पहिलें नवल वाटलें तें हें कीं, हें पुस्तक एका पुरुषानें लिहिलें आहे याचा विसर पडतो. यमू आपली हकीगत सांगते. लहानपणचे खेळ, आईचें लपवून ठेवणें, सासरचा जाच, रघुनाथरावांच्या सहवासांतले मुंबईचे थोडे सुखाचे दिवस, आणि नंतर कोसळलेलें वैधव्य. हें सारें अशा बारीकसारीक तपशिलानें येतें कीं मुखपृष्ठावरचें नांव पुन्हां पाहावें लागतें. पुस्तक मोठें आहे. मधून मधून तें रेंगाळतें. आजच्या वाचकाला कांहीं प्रकरणें उपदेशाच्या बाजूला झुकल्यासारखीं वाटतात, आणि तसें वाटण्यांत त्याची चूक नाहीं. परंतु शंकरमामंजींच्या हुकुमावरून यमूचें वपन होतें, तें प्रकरण वाचून झाल्यावर या गृहस्थानें पुस्तक मिटलें आणि पाऊस असतांनाहि तो बाहेर फेरी मारून आला.

येथपर्यंत त्याची प्रतिक्रिया चारचौघांसारखीच होती. पुढें मात्र तिनें निराळें वळण घेतलें. टीकाकार या कादंबरीविषयीं लिहितात तेव्हां खलपुरुष म्हणून शंकरमामंजींकडे बोट दाखवितात, आणि तें रास्तच आहे. परंतु शंकरमामंजींची या वाचकाला भीति वाटली नाहीं. इतका काळाकुट्ट मनुष्य नेहमीं दुसऱ्याच्याच घरांत असतो. त्याच्या मनांत घर करून राहिले ते यमूचे वडील. ते दुष्ट नाहींत, तापट आहेत. ते घरीं आले कीं घराचा आवाज बंद होतो. आई मुलांना गप्प करते, चुका झांकते, हळू बोलते. वडिलांना वाटतें, घर शिस्तींत आहे.

दोन-तीन दिवस हें वाक्यावाक्यानें त्याच्या डोक्यांत फिरत राहिलें. त्याची मुलगी लग्न होऊन नाशिकला असते. रविवारीं तिचा फोन आला तेव्हां प्रकृतीचें आणि पावसाचें बोलून झाल्यावर त्यानें सहज विचारल्यासारखें केलें, “काय ग, मी कचेरींतून घरीं येत असें तेव्हां तुम्ही मुलें गप्प बसत होतां काय?” ती हंसली. म्हणाली, “अण्णा, तुमच्या सायकलचा स्टँड वाजला कीं आम्ही पुस्तक उघडून बसत असूं. पुष्कळदां तें उलटेंच असे.” तिनें तें थट्टेनें सांगितलें, आणि लगेच नातवाच्या शाळेचें बोलणें काढलें. यानेंहि पुढें कांहीं विचारलें नाहीं. परंतु ग्रंथपालाला पुस्तक परत देतांना तो एवढें म्हणाला कीं, शंकरमामंजींना फटके मारावेसे वाटतात, पण यमूच्या बापाला कोणी तरी वेळेवर सांगावयास हवें होतें.

सव्वाशेंहून अधिक वर्षांपूर्वींच्या कादंबरीवर दिलेला हा अभिप्राय कोणत्याहि वाङ्मयेतिहासांत घालण्याजोगा नाहीं. त्यांत रचनेचा विचार नाहीं, कालाचा विचार नाहीं. तरी हरिभाऊंनीं कादंबरीला जें नांव दिलें, त्याला मिळालेलें एक उत्तर म्हणून तो टाकून देण्यासारखाहि नाहीं.

त्यानंतर आलेल्या रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’ने त्याच्या दोन रात्री घेतल्या. १९६२ सालची ही कादंबरी महाराष्ट्रांत इतकी वाचली गेली आहे कीं तिच्याविषयीं अधिक सांगणें म्हणजे श्रोत्यांना त्यांच्याच घरचा पत्ता सांगण्यासारखें होईल. थोरले माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं थेऊर येथें वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीं क्षयानें वारले, हें शाळेंत पाठ केलेलें. तरी शेवटच्या प्रकरणांत हा मनुष्य वाचेल, अशी आशा वाचकाला लागून राहिली होती. एवढें ज्या पुस्तकानें करविलें त्याला तो चांगलें म्हणतो. त्याची एकच कुरकूर होती. या पुस्तकांतील माणसें पाण्याचा तांब्या मागतांनाहि जरा उंच स्वरांत मागतात, असें त्याला वाटलें.

व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘बनगरवाडी’त तो स्वर नाहीं. १९५५ सालीं पुस्तकरूपानें आलेली ही कादंबरी आकारानें लहान आहे. माणदेशांतील, औंध संस्थानच्या हद्दींतील धनगरांच्या एका वाडीवर तरुण मास्तर नेमणुकीनें येतो. शाळेंत मुलें नाहींत. मेंढरांमागें गेलेलीं मुलें तो हळूहळू गोळा करतो. आणि शिकवितां शिकवितां वाडीचा कारकून, सल्लागार, बाजारहाट करणारा, सर्व कांहीं होऊन बसतो. टपालखात्यांत जन्म काढलेल्या मनुष्याला हें सारें ओळखीचें वाटलें तर नवल नाहीं. लहान गांवच्या टपालवाल्यालाहि पत्र वाचून दाखवावें लागतें, उत्तर लिहून द्यावें लागतें, आणि कधीं कधीं काय लिहूं नये हेंहि सांगावें लागतें.

या पुस्तकांत शेकू नांवाच्या धनगराची हकीगत आहे. पेरणीच्या वेळीं त्याला बैलांची जोडी पुरी पडत नाहीं, तेव्हां दुसऱ्या बैलाच्या जागीं त्याची बायको जुवाला खांदा देते. येथें वाचक चिडला. दारिद्र्यावर चिडला असेल म्हणावें, तर तसें नव्हतें. तो लेखकावर चिडला. एवढी मोठी गोष्ट लिहून लेखकानें एकहि उसासा टाकला नाहीं, वाचकाला डोळे पुसावयास क्षणभर उसंत दिली नाहीं, आणि तो पुढच्या कामाला लागला! दुसऱ्या दिवशीं त्यानें तेवढीं पानें पुन्हां वाचलीं. मग त्याच्या ध्यानांत आलें कीं शेकूलाहि उसंत नव्हती. पाऊस पडून गेला होता आणि वाफसा राहणार नव्हता. माडगूळकरांनीं पुढें पुष्कळ वर्षें पुणें आकाशवाणीवर काम केलें, हें श्रोत्यांना ठाऊक असेलच. ऐकणाऱ्याचा वेळ न खाण्याची विद्या तेथें जाण्यापूर्वींच त्यांच्या हातीं होती, असें दिसतें.

पण ‘बनगरवाडी’चा खरा गुंता वाचकाला निराळ्याच ठिकाणीं पडला. वाडीचा म्हातारा कारभारी हा या पोरसवदा मास्तरचा पहिला आधार. त्याच्या मुलीसाठीं, अंजीसाठीं, तालुक्याहून चोळी शिवून आणण्याची एक साधी गोष्ट घडते. कोणी तरी तिला भलतें वळण देतो. आणि कारभारी मास्तरशीं बोलणें टाकतो. कथा मास्तरच्या तोंडून येते, म्हणून बहुतेक वाचक मास्तरच्या बाजूनें दुःखी होतात. हा वाचक कारभाऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसला. वयांत आलेल्या मुलीचा बाप, कानावर असें आलेलें. त्यानें काय करावें? त्यानें विचारावयास हवें होतें, हें खरें. परंतु तोंड उघडून विचारणें त्या पिढींतील बापांना जमत नसे.

एव्हांना श्रोत्यांच्या लक्षांत आलें असेल कीं या वाचकाची एक खोड आहे. कादंबरीकार नायकाजवळ जी जागा राखून ठेवतो तेथें तो बसत नाहीं. आपल्या वयाचा आणि आपल्या तोंडवळ्याचा मनुष्य शोधतो, आणि त्याच्याजवळ जाऊन बसतो. जाणकार म्हणतील कीं हें वाङ्मयाचें वाचन नव्हे, हें आरशांत पाहणें झालें. या आक्षेपांत तथ्य आहे. ज्याला पुस्तकांत सर्वत्र स्वतःचेंच तोंड दिसतें, त्याला पुस्तक दिसत नाहीं. मात्र त्याच पावसाळ्यांत त्याला एक असें पुस्तक भेटलें कीं ज्यांत त्याला बसावयास कोठेंहि जागा मिळाली नाहीं.

तें पुस्तक म्हणजे उद्धव शेळके यांची ‘धग’. ती १९६० सालीं निघाली. कौतिक ही शिंप्याच्या घरची स्त्री, नवरा महादेव, पदरीं मुलें. आपल्या कष्टांवर उभें राहावें, मुलांना शिकवावें, एवढीच तिची आकांक्षा. आणि ती पुरी होऊं नये म्हणून जणूं सगळे दिवस एका रांगेंत उभे राहिलेले. संवाद अस्सल वऱ्हाडी बोलींत आहेत. पश्चिम महाराष्ट्रांत वाढलेल्या वाचकाला पहिलीं वीस पानें ठेचा लागल्या. त्याच्या सुदैवानें पत्नीचें माहेर अचलपूरकडचें. कोणत्याशा शब्दापाशीं अडून त्यानें तिला हाक मारली. तिनें शब्द सांगितला, पुस्तक हातांतून घेतलें, आणि उभ्या उभ्या चार पानें मोठ्यानें वाचून दाखविलीं. छापील पानावर जी बोली दगडांसारखी वाटत होती ती तिच्या तोंडीं पाण्यासारखी वाहूं लागली. तेव्हांपासून रोज संध्याकाळीं दिवे लागले कीं ती वाचीत असे आणि हा ऐकत असे. चाळीस वर्षांच्या संसारांत तिनें माहेरची बोली या घरांत इतका वेळ बोललेली त्यानें प्रथमच ऐकली.

महादेवाचा त्याला प्रथमपासून संताप होता. हातीं कसब असून हा मनुष्य उभा राहात नाहीं, बायकोच्या जिद्दीचें ओझें मानतो, वेळ मारून नेतो. “असल्या नवऱ्याला काय म्हणावें!” असें तो दर दोन पानांनीं म्हणे, आणि पत्नी कांहीं न बोलतां पुढें वाचीत राही. मग महादेवाला महारोग होतो. त्या संध्याकाळीं तिनें वाचन थांबविलें आणि पुस्तक आठ दिवस फळीवर पडून राहिलें. इतके दिवस ज्याला आळशी म्हणून झालें, त्याच्याच बोटांवर रोग यावा, आणि आपला राग परतहि घेतां येऊं नये, असा पेंच कोणत्याहि कादंबरीनें या वाचकाला घातला नव्हता. महादेवाजवळ बसावें, तर कौतिकेच्या पाठीवरचा भार दिसतो; कौतिकेजवळ बसावें, तर तिला बोलावयास सवड नाहीं. शेवटीं हा उंबऱ्याबाहेर उभा राहूनच तें घर पाहात राहिला.

आठ दिवसांनीं पत्नीनेंच पुस्तक खालीं काढलें. ती म्हणाली, “अहो, आपण मिटून ठेवलें म्हणून तिचें कांहीं थांबलें आहे का?” आणि उरलेलें तिनें दोन बैठकींत वाचून संपविलें. संपल्यावर तिनें आपल्या एका मावशीचें नांव घेतलें. त्या मावशीविषयीं पूर्वीं घरांत कधीं बोलणें निघालें नव्हतें. ‘धग’ला मराठींतील श्रेष्ठ कादंबऱ्यांत गणतात, तें योग्यच आहे, परंतु ती थोडी वाचली जाते. याचें कारण तिची बोली नसून, ती वाचकाला बसावयास पाट मांडीत नाहीं, हें असावें.

यानंतर त्यानें जी कादंबरी घेतली ती नवी नव्हती. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ सालीं प्रसिद्ध झाली, तेव्हां लेखक पंचविशींत होता. आपला वाचक महाविद्यालयांत असतांना ती वसतिगृहाच्या खोल्याखोल्यांतून फिरत असे. सांगवी या खानदेशांतील खेड्यांतून पांडुरंग सांगवीकर पुण्यास शिकावयास येतो, वसतिगृहाच्या उचापतींत पडतो, पैसा उधळतो, परीक्षेंत आपटतो आणि गांवीं परत जातो. त्या काळीं यानें आणि याच्या मित्रांनीं पांडुरंगाच्या बोलण्याची धाटणी इतकी उचलली होती कीं घरीं सुटींत गेल्यावर वडिलांना वाटलें, मुलाला कांहीं तरी झालें आहे. तेव्हां पांडुरंगाचा बाप म्हणजे एक भिंत होती. तिला डोकें लावावयाचें, एवढाच तिचा उपयोग.

आतां चाळीस वर्षांनीं त्यानें तीच कादंबरी उघडली, आणि त्याचे डोळे पैशांवर जाऊं लागले. घरून किती आले, कोणी खाल्ले, पुन्हां कधीं मागविले. तरुणपणीं या मजकुराला तो पोट धरून हंसला होता. हंसूं आतांहि आलें, कारण पुस्तक मुळांतच विनोदी आहे. पण हंसतां हंसतां त्याच्या मनांत मनीऑर्डरीची खिडकी उभी राहिली. शाळा-कॉलेजें सुरू झालीं कीं त्या खिडकीशीं खेड्यांतून आलेले बाप रांग लावीत. नोटा धोतराच्या किंवा बंडीच्या आंतल्या खिशांतून निघत. त्या अंगाच्या घामानें ओलसर असत. फॉर्म कारकुनानें भरावयाचा. फॉर्मच्या खालच्या भागांत चार ओळींच्या संदेशापुरती कोरी जागा असे. “काय लिहूं?” असें विचारलें कीं बाप गोंधळून जात. इतक्या लांबवर असलेल्या पोराला काय सांगावयाचें असतें, तें त्या खिडकीशीं उभ्या उभ्या सुचत नसे. मागची रांग चुळबुळ करूं लागे. मग ते म्हणत, “लिवा, पैसं जपून वापर.” कधीं कधीं थोडें थांबून, “म्हस व्याली, म्हनावं.” कारकून लिही. शेंकडों बापांचे असे निरोप त्याच्या अक्षरांत पुण्या-मुंबईला गेले. त्यांतील एकानेंहि कधीं आपलें प्रेम कळवावें, असें सांगितलें नाहीं; आणि म्हैस व्याल्याचें कळविण्यांत काय कळवावयाचें होतें, हें तेव्हां तरुण असलेल्या कारकुनालाहि कळलें नाहीं.

‘कोसला’त बाप दिसतो तो पांडुरंगाला दिसला तेवढाच. यांत लेखकाचें न्यून नाहीं. कथा पांडुरंगाची आहे आणि ती त्यानेंच सांगावयाची आहे. उलट पांडुरंगाला बापाविषयीं जितकें समजलें आहे त्याहून पुस्तकाला अधिक समजलें आहे, अशी खूण जागोजाग सांपडते. ती पंचविशींत दिसत नाहीं, इतकेंच.

एका ठिकाणीं मात्र दोन्ही वाचनें सारखीं झालीं. पांडुरंगाची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगानें जाते. विशींतला विद्यार्थी तेथें थांबला होता, साठीचा पेन्शनरहि तेथेंच थांबला. आजच्या तरुण वाचकाला देवी म्हणजे काय तें समजावून सांगावें लागेल, कारण भारतांतून तो रोग १९७५ नंतर नाहींसा झाला आणि १९८० सालीं जगांतूनच तो गेल्याचें जाहीर झालें. या वाचकाच्या दंडावर लस टोचल्याच्या दोन वाटोळ्या खुणा अजून आहेत. त्याच्या मुलांच्या दंडावर त्या नाहींत. मनीच्या मृत्यूचीं पानें वाचतांना त्याचा हात नकळत त्या खुणांवर गेला, असें पत्नीनें पाहिलें.

‘कोसला’ परत देण्यास चार दिवस उशीर झाला. दंड भरतांना त्यानें ग्रंथपालाला विचारलें, “पांडुरंगाच्या बापाच्या बाजूनें कोणी कादंबरी लिहिली आहे काय?” ग्रंथपाल तरुण आहे आणि पुस्तकें नुसतीं मोजीत नाहीं, वाचतोहि. त्यानें थोडा विचार केला आणि नेमाड्यांचाच एक जाडजूड ग्रंथ खालीं काढला: २०१० सालीं प्रसिद्ध झालेली ‘हिंदू: जगण्याची समृद्ध अडगळ’. “बापाच्या बाजूनें असें नाहीं म्हणतां येणार,” तो म्हणाला, “पण यांतला मुलगा बाप अत्यवस्थ आहे असें कळल्यावर घरीं निघाला आहे. बघा.”

पुस्तक मोठें, अक्षर बारीक, आणि मजकूर चहूंकडे पसरलेला. मोहेंजोदडोच्या उत्खननावर गेलेला खंडेराव तेथून आपल्या मोरगांवाकडे निघतो, आणि वाटेंत त्याला आठवणी, पूर्वज, सारें खेडें घेरून टाकतें. वाचकाला त्यांतलें सगळेंच कळतें असें नाहीं. कांहीं पानें तो सरळ उलटून जातो आणि त्याबद्दल त्याला लाज वाटत नाहीं. मुदत दोनदां वाढवून घेतली आहे. पत्नीनें परवां विचारलें, “कुठवर आलें?” विजेच्या बिलाचा तुकडा जेथें होता तें पान पाहून त्यानें सांगितलें कीं मुलगा अजून आगगाडींतच आहे.